सायकलींच्या मागे डोरीन

आमच्या तळ्याकाठच्या उन्हाळी कॅम्पात करमणूक फुकट असते. शुक्रवारी दुपार कलली की महामार्गावरून ट्रेलर, म्हणजे गाड्यांमागे ओढलेली चाकांवरची घरं, यायला लागतात आणि जुन्या मंडळींच्या घडीच्या खुर्च्या आपोआप तळ्याकडून रस्त्याकडे वळतात. ट्रेलर पुढे ओढत न्यायला कुणालाही जमतं. तो पाइनच्या दोन झाडांमधल्या जागेत मागे घ्यायचा म्हटला, की भल्याभल्यांना घाम फुटतो. पिकअप एकीकडे वळवावी तर ट्रेलरचं बूड दुसरीकडे जातं. मग बायको खाली उतरते, मागे जाऊन उभी राहते आणि हातवारे करायला लागते. नवऱ्याला ती आरशात दिसत नाही, दिसली तर तिचे हात कळत नाहीत, आणि कळले तर पटत नाहीत. अर्ध्या तासात दोघांच्या लग्नाचा सगळा इतिहास कॅम्पभर झालेला असतो. आम्ही बिअर पीत ऐकतो.

मी इथली राखणदार. नडीन माझं नाव. मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत फाटकाजवळची पहिली जागा मला फुकट मिळते आणि त्या बदल्यात मी सरपण विकते, संडास धुते आणि लोकांना कुत्री बांधायला सांगते. विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला उन्हाळा इतका आखूड, की जो तो सुखी व्हायच्या घाईत असतो, आणि घाईतल्या माणसाला तुंबलेला नळ दिसला की तो माझ्यावर ओरडतो. मीही ओरडते. मला सोज्वळपणा जमत नाही.

हार्लन आणि डोरीनचा ट्रेलर मात्र आला की मी खुर्चीतून उठून उभी राहायचे. हार्लनने जन्मभर दुधाचा टँकर चालवला होता. बर्फात, गोठ्यांच्या चिंचोळ्या बोळांत, गाईंच्या शेपट्या वाचवत त्याने तो टँकर मागे घेतलेला. त्याला कुणीही मागे उभं राहायची गरज नव्हती. तरी तो दर वेळी रस्त्यात थांबायचा, डोरीन उतरायची, चालत मागे जायची आणि वॉकी-टॉकी तोंडाशी धरायची. "येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बस!" आणि ट्रेलर लोण्यात सुरी जावी तसा जागेवर जायचा. डोरीन खुर्चीतल्या मंडळींकडे बघून किंचित मान झुकवायची. सगळं जणू तिनेच केलं.

तिला एक खोड होती. वॉकी-टॉकीचं बटण ती एकदा दाबायची ते शेवटपर्यंत सोडायचीच नाही. त्या स्वस्तातल्या सेटवर एकाने बटण दाबून धरलं की दुसऱ्याला बोलता येत नाही. त्यामुळे हार्लनचं म्हणणं तिने कधी ऐकलंच नाही. वर सगळ्यांचे सेट एकाच चॅनलवर. माझ्या कमरेला अडकवलेल्या डबड्यातूनही तिचा आवाज यायचा. मी संडासाच्या मागे पाइप धूत असले तरी मला कळायचं, की मंडळी आली.

"तुला कधी काही सांगायचं नसतं का रे मधे?" मी हार्लनला एकदा विचारलं.

"असतं की," तो म्हणाला. "पण ट्रेलर लावून होईस्तोवर विसरतो. बरंच असतं ते."

त्यांच्या ट्रेलरच्या मागे दोन सायकली असत. आता, ट्रेलरच्या मागे सायकली बांधणं हे शहाण्याचं काम नाही. गाडीच्या मागे सायकल नुसती डुलते. ट्रेलरचं शेपूट चाकांपासून इतकं लांब असतं, की पुढे बसलेल्याला लहानसा खड्डा लागला तर मागे सायकल हातभर उडते. त्यात ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे नुसती पोकळ नळी. आम्ही सगळे तिच्यात सांडपाण्याचा पाइप ठेवतो. त्या पत्र्याला रॅक ठोकणारे महाभाग दर उन्हाळ्याला निघतात आणि त्यांच्या सायकली मागून येणाऱ्याच्या काचेवर जाऊन बसतात. हार्लनने तसं केलं नव्हतं. त्याने ट्रेलरच्या खालच्या मूळ सांगाड्याला लोखंडी तुळई जोडून घेतली होती आणि तिच्यात रॅक बसवला होता. दोन सायकलींच्या मधे फोमच्या नळ्या, चाकांना पट्टे, वरून दोर. पेट्रोल भरायला थांबला की आधी मागे जाऊन दोन्ही सायकली गदागदा हलवायचा, मग पंपाला हात लावायचा. त्याची काळी. तिची निळी, पुढे वेताची टोपली असलेली.

पहिली काही वर्षं ती दोघं रोज तळ्याला फेरी मारायची. डोरीन पुढे, हार्लन मागे. ती मागे वळून बघायची नाही, हात वर करून खुणा करायची, खड्डा डावीकडे, वाळू उजवीकडे. टोपलीत चीजची पुडी आणि ब्रेड असायचा. परत येताना त्यात कुणाच्या तरी परसातला रूबार्ब, आंबट देठांची भाजी, असायचा, आणि तो कुणाचा हे मी विचारायचे नाही.

मग एका वर्षी सायकली रॅकवरच राहिल्या. डोरीन बोलताना माझ्या तोंडाकडे बघेनाशी झाली. मी समोर उभी, आणि ही माझ्या कानापलीकडच्या झाडाशी बोलते आहे. मी लायलला म्हटलं, "बाईला शिंगं फुटलीत वाटतं." लायल म्हणजे त्यांच्या शेजारच्या जागेवरचा. बसएवढ्या मोटारघरात एकटाच राहतो, लाल जाकीट घालतो आणि जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल त्याला मत असतं.

"शिंगं नाहीत गं," तो म्हणाला. "डोळे गेलेत तिचे. मधले."

खरंच तसं होतं. तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता आणि तो वाढत होता. नजर लावावी ते नेमकं पुसलं जायचं आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. माझा चेहरा बघायचा तर तिला झाडाकडेच बघावं लागत होतं. डॉक्टर म्हणाले होते, थांबवता येईल तेवढं थांबवू, परत काही आणता येणार नाही. तिने गाडी चालवणं सोडलं. मग पत्ते. मग गोधड्या शिवणं, आणि तिच्या गोधड्यांना जत्रेत बक्षिसं मिळायची. सायकल सोडली त्या दिवशी म्हणे ती दिवसभर भांडी घासत होती, घासलेलीच पुन्हा.

एवढं असून ट्रेलर मागे घ्यायला मात्र तीच उभी राहायची. आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यात हार्लनच्या मानेत सळ्या घातल्या होत्या. त्याला मान वळवता येत नव्हती. म्हणजे पुढचा मागे बघू शकत नव्हता आणि मागची पुढे. तीन टनांचं घर त्या दोघांच्या मधे.

त्यांच्या मुलीने ट्रेलरच्या पाठीला कॅमेरा बसवून दिला होता. पिकअपमधे छोटा पडदा, मागचं सगळं दिसावं म्हणून. पण कॅमेऱ्याच्या नेमक्या पुढ्यात सायकली. पडद्यावर काय, तर चाकाच्या तारा आणि वेताची टोपली. लायलचं डोकं फिरलं.

"अरे म्हाताऱ्या, काढ ना त्या सायकली! चालवत तर कुणी नाही. शोभेला वागवतोस का हजार मैल?"

"असू देत," हार्लन म्हणाला.

"मग रॅक तरी खाली घे. वीतभर खाली घेतलास तर कॅमेरा मोकळा होतो."

"घेईन की."

त्याने घेतला नाही. उलट पुढच्या वर्षी मला वाटलं, रॅक थोडा वर गेलाय. मी त्याला सरपणाच्या शेडमागे गाठलं. तिथे मी माणसांना गाठते, कारण हातात लाकडं असली की पळता येत नाही.

"हार्लन, मी तुला आरपार जागा देते," मी म्हटलं. आरपार जागा म्हणजे जिच्यात एका बाजूने शिरायचं आणि जाताना दुसऱ्या बाजूने निघायचं. मागे घ्यायची भानगडच नाही. सत्तरी ओलांडलेली माणसं त्या जागांसाठी जानेवारीपासून फोन करतात. "संडासाजवळ आहे, वास येतो कधीमधी. पण सरळ ये, सरळ जा."

"नको."

"का नको? बायको मागे उभी असते तुझी. तिला झाड दिसत नाही, तुला ती दिसत नाही. चिरडशील एक दिवस तिला!"

त्याने लाकडं खाली ठेवली. त्याला मान हलवता येत नसल्याने तो संपूर्ण वळला, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस केवढा म्हातारा झालाय.

"नडीन, तिचं सगळं काढून घेतलं गं," तो म्हणाला. "एकेक करून. मी बघत होतो. एवढं एक राहिलंय, की हार्लनला माझ्याशिवाय ट्रेलर लावता येत नाही. आदल्या रात्रीपासून सेट चार्जिंगला लावते. आता कॅमेरा चालला तर ती कशाला हवी? आरपार जागा घेतली तर कशाला हवी? सायकली आहेत म्हणून कॅमेरा आंधळा आहे, असं मी तिला सांगतो. म्हणतो, तूच माझा कॅमेरा. हसते मग."

"आणि हे तिला कळलं तर?"

"नाही कळायचं. तू सांगू नकोस म्हणजे झालं."

मी लाकडं उचलून त्याच्या गाडीत टाकली आणि पैसे घ्यायला विसरले.

संध्याकाळी मी लायलला सांगितलं, कारण एवढं एकटीने पोटात ठेवणं माझ्याच्याने होईना. लायलने बराच वेळ नाक खाजवलं. मग तो आपली खुर्ची घेऊन उठला, त्यांच्या जागेच्या मागच्या कोपऱ्यात बर्चचं एक झाड आहे त्याच्या जरा बाजूला ती मांडली, आणि हार्लनला बोलावून म्हणाला, "मी इथे बसेन. डाव्या आरशात दिसतो ना मी? माझी बाटली मांडीवर असली की येत राहा. बाटली तोंडाला लागली की थांब. बायकोला काही बोलू नकोस. मी आपला बिअर पितोय."

तेव्हापासून तसं सुरू झालं. हार्लनचा फोन यायचा, मी लायलला सांगायचे, लायल खुर्चीत जाऊन बसायचा. डोरीन मागे उभी राहून म्हणायची, "येऊ दे... येऊ दे..." लायल बाटली उचलायचा. "बस!" म्हणायची डोरीन. नेमकी त्याच क्षणी. आम्हाला वाटायचं, काय योग जुळून येतो! लायल तर म्हणायचा, बाईला अजून नक्की थोडं दिसतं. ट्रेलर लागला की ती मान झुकवायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, हार्लन उतरून म्हणायचा, "तू नसतीस तर झाडावरच चढवला असता मी."

त्या टाळ्या खोट्या होत्या, हे मला कळत होतं. तरी मी वाजवायचे. दुसरं काय करणार होते?

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. ती दोघं संध्याकाळी यायची होती. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी लायल गावातल्या खानावळीत तळलेले मासे खायला जातो. आभाळ कोसळलं तरी जातो. लवकर जाऊन येतो म्हणाला. मी तळ्यापलीकडच्या न्हाणीघरात होते, तुंबा काढायचा रबरी पंप घेऊन, कारण कुणीतरी गटारात बटाट्याची सालं घातली होती. आणि कमरेच्या सेटमधून आवाज आला.

"येऊ दे... येऊ दे, राजा..."

ही मंडळी लवकर आली होती.

मी बटण दाबलं. "हार्लन, थांब! लायल नाहीये तिथे! थांब!" पण डोरीनने बटण दाबून धरलं होतं. माझा आवाज माझ्यापाशीच राहिला. मी पळत सुटले. माझे गुडघे पळायचे राहिले नाहीत, तरी पळाले. हातात तो रबरी पंप तसाच. कानाशी तिचा आवाज, शांत, लाडीगोडीचा: "येऊ दे... भरपूर जागा आहे... येऊ दे..." मी ओरडत होते, बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. रस्त्याकडेचे लोक माझ्याकडे बघून हसत होते. पंप घेऊन धावणारी बाई, हसणारच. त्या डबड्यात मी एवढं ओरडले आणि एक अक्षर कुठे पोचलं नाही. तसं हतबल मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

वळणावर आले तेव्हा कडकड असा आवाज झाला. मग पिकअपचं इंजिन बंद पडलं.

ट्रेलर बर्चला टेकला होता. निळ्या सायकलीचं पुढचं चाक झाड आणि रॅकच्या मधे सापडून घडी घातल्यासारखं वाकलं होतं. आणि बर्चला हात लावून, त्या चाकापासून वीतभर अंतरावर, डोरीन उभी होती. सेट अजून तोंडाशी. बटण अजून दाबलेलं.

बाजूला लायलची खुर्ची होती. आपली जागा कुणी घेऊ नये म्हणून तो खुर्चीच्या पाठीला त्याचं लाल जाकीट घालून, वर टोपी ठेवून गेला होता. आमच्याकडे सगळेच असं करतात. हार्लनला आरशात ते लाल दिसलं. बाटली वर जात नव्हती, म्हणून तो येत राहिला.

हार्लन खाली उतरला. धावता येत नव्हतं त्याला, मान न हलवता तो खुरडत मागे आला. त्याने आधी तिच्या खांद्याला हात लावला, मग दंडाला, मग डोक्याला.

"काय मोडलं?" डोरीनने विचारलं.

"काही नाही. सायकल. माझी, काळी. चाक थोडं वाकलंय. चूक माझी आहे, माझा पाय घसरला ब्रेकवरून."

डोरीनचा हात पुढे आला आणि सायकलीवर पडला. वेताच्या टोपलीवर. टोपली एका बाजूने चेपली होती. तिची बोटं काठावरून फिरली, चेपलेल्या जागी थांबली, पुन्हा फिरली. मी बघत होते. हार्लनही बघत होता, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"तुझी ना," ती म्हणाली. "मग बरं झालं. ती तशीही कुरकुरायची."

त्याने मान हलवायचा प्रयत्न केला, हलली नाही. तो म्हणाला, "हो."

लायल आला तेव्हा अंधारून आलं होतं. त्याने झाड बघितलं, जाकीट बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाबद्दलच मत नव्हतं. तो पुठ्ठ्याच्या डब्यातले गार मासे घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि दार न वाजवता परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या जागेजवळचं न्हाणीघर पुसत होते. डोरीन भिंतीला हात लावत आली, बाकावर बसली आणि माझ्या कानापलीकडे बघत म्हणाली, "काल लायल कुठे होता गं?"

मी पुसायचं थांबवलं.

"मासे खायला गेला असेल," तीच म्हणाली. "शुक्रवार होता, माझ्या लक्षातच आलं नाही. मला ते लाल दिसत होतं ना कडेला. म्हटलं, बसलाय. हात काही वर जात नाहीये. म्हटलं, आहे अजून जागा."

"तुला माहीत होतं?"

"मला समोरचं दिसत नाही, नडीन. कडेचं दिसतं. तो आपला कडेलाच बसतो की! पहिल्याच दिवशी कळलं मला. हात वर गेला की मी 'बस' म्हणायची." ती जरा हसली. "तुम्ही टाळ्या किती जोरात वाजवायचात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुणावर रागवावं तेही समजेना. "मग कशाला गं उभी राहायचीस? जीव जाईल तुझा!"

"हार्लनला तेवढंच बरं वाटतं, की मी काहीतरी करतेय. मी उतरले नाही तर त्याचं तोंड उतरतं. त्याची मान गेली, टँकर गेला, आता मला सांभाळणं एवढंच त्याचं काम राहिलंय. ते कसं काढून घेऊ?" तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकले. "पण काल ते चाक मोडल्याचा आवाज झाला ना, तेव्हा वाटलं, ही मी असते तर. मी गेले तर गेले, माझं काय. पण त्याच्या हातून झालं असतं. टँकर इतकी वर्षं चालवला, एक कोंबडी मारली नाही त्याने. तो एकटा त्या घरात हे घेऊन कसा जगला असता?"

"मग सांग त्याला."

"तुझ्याने सांगवेल का? तूही गप्प राहा," ती म्हणाली.

मला सांगता येणार नव्हतं. त्याने मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि आता तीही तेच सांगत होती. दोघांच्या मधे मी मूग गिळून उभी, हातात फडकं.

"पुढच्या वर्षी आम्हाला आरपार जागा दे," ती उठताना म्हणाली. "त्याला सांग, बाकीच्या भरल्यात. तू सांगितलंस तर ऐकेल. तुला तो घाबरतो."

सप्टेंबरमधे ती दोघं गेली. जाताना हार्लनने वाकलेली निळी सायकल रॅकवर चढवली, फोमची नळी लावली, पट्टे आवळले, दोर बांधला आणि दोन्ही सायकली गदागदा हलवून बघितल्या. लायल म्हणाला, "अरे, मी नवीन चाक आणून देतो." हार्लन म्हणाला, "मी सरळ करीन हिवाळ्यात. वेळच वेळ आहे."

मार्चमधे त्याचा फोन आला. नेहमीची जागा ठेव म्हणाला. मी म्हटलं, नेहमीच्या सगळ्या गेल्या, आरपार आहे तेवढी संडासाजवळची.  फोनवर मागे डोरीनचं काहीतरी ऐकू येत होतं, रेडिओ लागला होता, भांडी वाजत होती.

"एकही नाही?" त्याने विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं. खरं तर सात रिकाम्या होत्या.

"बरं," तो म्हणाला. "मी सांगतो तिला काहीतरी."

मेअखेरच्या लांब सुट्टीला सगळी जुनी मंडळी जमली होती. लायलने या खेपेला मासे सोडले आणि दुपारपासून संडासाजवळच्या त्या जागेपाशी खुर्ची टाकून बसला. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पिकअप फाटकातून आली. मागे ट्रेलर, ट्रेलरच्या मागे दोन सायकली, काळी आणि निळी. निळीचं चाक सरळ केलेलं होतं, पण टोपली चेपलेलीच होती. हार्लन एका बाजूने आत शिरला आणि जिथे थांबायचं तिथे थांबला. इंजिन बंद केलं. झालं होतं. बघण्यासारखं काही नव्हतंच, त्यामुळे पुढच्या जागेवरच्या दोघांनी खुर्च्या पुन्हा तळ्याकडे वळवल्या.

हार्लन उतरला नाही. समोरच्या काचेतून तो पुढे बघत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती आता काय करणार, हे बघायला त्याला मागे वळता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी तो वळला असता असं मला वाटत नाही.

पलीकडचं दार उघडलं. डोरीन उतरली. एक हात ट्रेलरच्या पत्र्यावर ठेवून ती चालत चालत मागे गेली, शेवटी पत्रा संपला तेव्हा हात निळ्या सायकलीच्या सीटवर आला आणि तिथेच राहिला. सायकल हलत नव्हती. ट्रेलर हलत नव्हता. तिच्या हाताला ते कळतच होतं. तिने दुसऱ्या हाताने सेट तोंडाशी धरला आणि बटण दाबलं.

"येऊ दे," ती म्हणाली.

माझ्या कमरेच्या डबड्यातून ते आलं. खुर्चीतल्या माणसांनी माना वळवल्या. कुणी हसलं नाही.

"येऊ दे... येऊ दे..."

लायल माझ्याकडे बघायला लागला. मी काही त्याला मदत करू शकत नव्हते. शेवटी त्याने मांडीवरची बाटली उचलली आणि तोंडाला लावली. बाटली रिकामी होती.

"बस," डोरीन म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने बटण सोडलं.

सेट कानाशी धरून ती उभी राहिली. आधी काहीच आलं नाही. मग कुणीतरी बटण दाबल्याची खरखर आली, पण शब्द नाही. नुसता श्वास. हार्लनच्या पिकअपच्या काचेवर पाइनची सावली होती, त्यामुळे तो मला नीट दिसत नव्हता.

"थांबलो गं," तो म्हणाला.